खुंट्यांचा काय गुन्हा?

गिटार सुरात राहत नाही म्हटलं की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला: "खुंट्या बदलून टाक!" काका सांगतात, दुकानदार सांगतो, यूट्यूबवरचे गुरुजी तर चकचकीत सोनेरी खुंट्या हातात नाचवतच सांगतात. मंडळी, बहुतेक वेळा हा सल्ला साफ चुकीचा असतो.

काकांचं मी समजू शकतो. त्यांच्या डोक्यात तंबोरा असतो. तंबोऱ्याची लाकडी खुंटी निमुळती, आणि ती नुसत्या घर्षणावर भोकात तग धरते. ती सरकली की तार उतरलीच. मग आपण खडू फासतो, आत दाबून पिळतो. तिथे गुन्हेगार खुंटीच.

गिटारच्या खुंटीत मात्र एक मळसूत्र आणि त्यात अडकलेलं दातेरी चाक असतं. बाहेरची चावी १४ वेळा फिरवावी तेव्हा तारेचा दांडा एकदा फिरतो (काही खुंट्यांत १८ वेळा). आणि गंमत म्हणजे हे यंत्र उलटं चालत नाही! सहा पोलादी तारा मिळून ७० किलोच्या आसपास ओढत असतात, तरी दांडा फिरून मळसूत्राला मागे ढकलू शकत नाही. मग स्वर उतरतो कुठून?

तारेतूनच. नवी तार काही दिवस ताणली जातेच. त्यात दांड्यावर सैल, एकमेकांवर चढलेले आठ-दहा वेढे घातले असतील तर ते वाजवता वाजवता आवळत जातात. आणि खरा चोर बसतो मानेच्या टोकाला, त्या खाचांच्या पांढऱ्या पट्टीत. खाच अरुंद असली की तार तिथे अडकते. तुम्ही चावी फिरवता, स्वर ढिम्म हलत नाही, आणि मग 'टिंग' करून एकदम वर उडी. औषध? पेन्सिलीचं शिसं खाचेत घासा. आणि सूर लावताना नेहमी खालून वर चढत या. बस्स.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. माझ्या भाचीला एका दुकानात सांगितलं, नव्या खुंट्या घाल, त्यासाठी डोक्याची भोकं ड्रिलनं मोठी करावी लागतील. धडधाकट लाकडाला ड्रिल! आणि ती बिचारी मला म्हणते, "मामा, मला बहुतेक कानच नाही." अगं, स्वर उतरलाय हे तुला कळतंय, ते काय नाकानं? किती पोरं अशीच गिटार कपाटावर टाकत असतील, देव जाणे.

दाते झिजले, दांडा वाकला, तर खुंटी बदलावीच. त्याबद्दल वाद नाही. पण आधी सैल नट आणि स्क्रू आवळून बघा. तरीही बदलायचीच वेळ आली तर भोकाचा व्यास आणि स्क्रूंची जागा मोजून मगच मागवा. नायलॉन तारांच्या गिटारला एका पट्टीवर तीन खुंट्या असतात, तिथे दोन दांड्यांमधलं अंतर सहसा ३५ मिलिमीटर असतं. तेही पट्टी लावून बघा.

असो. भाचीच्या गिटारला नव्या तारा घातल्या, दोन-तीनच वेढे दिले, शिसं घासलं. खुंट्या जुन्याच. भाऊजी हे वाचत असतीलच, तर तो सोनेरी संच परत करायची मुदत रविवारपर्यंत आहे.