प्लग बसला, हे हाताला कळलं पाहिजे



लोणची, साठवण, सणवार यांवर आपण नेहमी बोलतो. आज घरातल्या प्लग आणि केबलींवर बोलू या. "हा काय बायकांचा विषय?" असं कुणी म्हणेलही. पण मिक्सर, इस्त्री, इंडक्शन, मोबाइल यांचे प्लग दिवसभरात सर्वांत जास्त वेळा कुणाच्या हातून लागतात नि निघतात, ते एकदा मोजून बघा. मग कुठला प्लग चांगला, हे ठरवायचा पहिला मान आपल्याच हाताचा नाही का?

माझं मत सरळ आहे. जो प्लग नीट बसल्याचं न बघता हाताला कळतं, तो चांगला. लावताना समाधान वाटणं ही चैन नाही, ती सुरक्षिततेची पहिली खूण आहे.

वायरीचं नसलं तरी याचं सर्वांत ओळखीचं उदाहरण म्हणजे गॅसचा रेग्युलेटर. कडं वर उचलायचं, व्हॉल्व्हवर दाबून बसवायचं, कडं सोडायचं, की 'टक्'! तो आवाज आला नाही तर आपण शेगडी पेटवत नाही. गॅसच्या बाबतीत इतक्या काटेकोर असणाऱ्या आपण विजेच्या बाबतीत मात्र लटपटणारा प्लग वर्षानुवर्षं चालवून घेतो. "जरा वाकडा धर, म्हणजे चालतो," असं प्रत्येक घरात कधी ना कधी ऐकू येतं.

सैल प्लग वाईट का, तेही समजून घेऊ. पिन आणि सॉकेटमधली पितळी पट्टी घट्ट भिडली, तर करंट सहज जातो. सैल असेल तर स्पर्श अगदी थोड्या जागी होतो, तिथे अडथळा वाढतो आणि ती जागा तापते. तापली की पट्टीची पकड आणखी ढिली पडते, आणि पकड ढिली पडली की ती अजून तापते. आधी प्लग कोमट लागतो, मग प्लास्टिक तपकिरी पडतं, मग जळका वास येतो. २,००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर करंट ओढतो. तिथे लटपट म्हणजे आगीला आमंत्रणच.

आता माझ्या हाताने दिलेले गुण सांगते.

पहिला नंबर ब्रिटनच्या प्लगचा. आपला गोल पिनांचा प्लगही मुळात त्यांचाच. त्यांनी १९४७ साली चपट्या पिनांचा नवा प्लग ठरवला, आपण जुन्या गोल पिनांवरच राहिलो. त्या प्लगला धरायला भक्कम अंग आहे, आत फ्यूज आहे, आणि लांब अर्थिंगची पिन आत गेल्याशिवाय बाकीच्या दोन भोकांवरची झाकणं साधारणपणे उघडतच नाहीत. वायर हिसडली गेली तर आतली फेजची तार आधी सुटावी आणि अर्थिंगची शेवटी, अशी रचना आहे. ज्यांच्या लेकी-सुना तिकडे आहेत, त्यांनी तो लावून बघितला असेल. दार बंद केल्यासारखा ठाम बसतो. दोष एकच. जमिनीवर पडला की पिना वर करून पडतो, आणि पाय पडला तर चांगलीच आठवण राहते.

दुसरा नंबर हेडफोनच्या गोल पिनचा. कुठूनही फिरवून लावा, उलटं-सुलटं काही नाही, शेवटी बारीकसा 'टक्' येतो. ही ३.५ मिलिमीटरची पिन जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या जाड पिनचं धाकटं भावंडं. त्या बोर्डांवर दिवसभर पिना लावण्याचं आणि काढण्याचं काम पुढे मुख्यतः बायकांनीच केलं. एमा नट ही जगातली पहिली महिला टेलिफोन ऑपरेटर मानली जाते. ती १ सप्टेंबर १८७८ रोजी बोस्टनमध्ये कामाला लागली. म्हणजे हा बायकांचा विषय नाही, असं म्हणायला तसा उशीरच झाला आहे!

तिसरा नंबर मोबाइलच्या टाइप-सीचा. जुन्या चपट्या यूएसबीचा अनुभव सगळ्यांना आहे. लावली, जात नाही. उलटी केली, जात नाही. पुन्हा उलटी केली की जाते. ती तयार करणाऱ्या गटाचे प्रमुख अजय भट्ट हे बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले. दोन्ही बाजूंनी चालणारी केली असती तर तारा आणि खर्च दुप्पट झाला असता, असं त्यांनीच सांगितलं आहे. १९९६ साली ते बरोबरही असेल. २०१४ साली टाइप-सी आली आणि ही कटकट संपली. मोतीबिंदू झालेल्या आमच्या सासूबाई आता अंधारातही फोन चार्जिंगला लावतात. मला तेवढं पुरे आहे. शिवाय पकड धरणाऱ्या स्प्रिंगा केबलकडे आहेत. झिजली तर केबल झिजते, फोन नाही.

नापास कोण? भिंतीवरचं 'सगळ्यांना चालणारं' सॉकेट. ज्यात चपटी, गोल, जाड, बारीक सगळी पिन जाते, ते कुणालाच घट्ट धरत नाही. आणि जाड पिनेचा प्लग छोट्या सॉकेटला जोडून देणारा कन्व्हर्टर तर काठावरही पास नाही. छोटं सॉकेट ६ अँपिअरचं, म्हणजे फार तर १,३८० वॉटचं. मिक्सर आणि इस्त्री त्यावर चालतात. २,००० वॉटच्या इंडक्शनला १६ अँपिअरचं मोठं सॉकेटच हवं.

"चार पैशांच्या वस्तूचं एवढं काय?" हा प्रश्न येणारच. भांडं घेताना आपण वाजवून बघतो, साडी घेताना पोत बघतो. मग थ्री-पिन टॉप किंवा एक्स्टेंशन बोर्ड घेताना दुकानातच दोनदा लावून काढून का बघू नये? थोडा जोर लागला पाहिजे, आत गेल्यावर हलता कामा नये, काढताना बोटांना धरायला जागा हवी. आयएसआय खूण बघा आणि मग हाताचा कौल घ्या.

एक काम आजच करा. गीझर किंवा इंडक्शन वापरून झालं की बटण बंद करा आणि कोरड्या हाताने प्लगच्या बाहेरच्या प्लास्टिकला स्पर्श करा. चांगलाच गरम लागला, किंवा हलवल्यावर डुलला, तर वायरमनला बोलवा आणि सॉकेट बदलून घ्या. "चालतंय की अजून" असं घरात कुणी म्हणालं, तर तो प्लग त्यांच्याच हातात द्या आणि लावून बघायला सांगा.