किनारा नसलेला समुद्र

चिंचणीच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी उभे राहिले, म्हणजे समुद्राचा वास दाटून येतो. पाण्यातील अतिसूक्ष्म वनस्पतींमुळे डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू निर्माण होतो, आणि त्या वासात त्याचा मोठा वाटा असतो. कोळ्याच्या पोराला हे नाव ठाऊक नसले, तरी वास जन्मापासूनचा ओळखीचा.

हाच वायू एका दूरच्या ग्रहावर असावा, असे केंब्रिज विद्यापीठातील निक्कू मधुसूदन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिल २०२५ मध्ये सांगितले आणि जगभर खळबळ उडाली. के२-१८ बी हा तो ग्रह. २०१५ साली शोध लागलेला हा ग्रह सिंह राशीच्या दिशेस सुमारे १२४ प्रकाशवर्षे दूर आहे. आज तेथून येणारा प्रकाश निघाला, तेव्हा लोकमान्य टिळक ‘केसरी’ चालवीत होते! तेथील सूर्य लहान, मंद व तांबूस आहे. ग्रह त्याच्या इतका निकट फिरतो, की तेथील वर्ष अवघे ३३ दिवसांचे. तरी त्यास उष्णता मिळते ती जवळजवळ पृथ्वीइतकीच.

एवढ्यावरून जीवसृष्टी सापडल्याची हाकाटी करणे मात्र उतावीळपणाचे होय. जेम्स वेब दुर्बिणीने तेथे समुद्र पाहिलेला नाही. ग्रह आपल्या सूर्यासमोरून सरकत असता त्याच्या वातावरणातून गाळून आलेला प्रकाश तेवढा तिने मोजला. त्यात मिथेनची खूण स्पष्ट आहे, परंतु डायमिथाइल सल्फाइडची अतिशय पुसट. इतर शास्त्रज्ञांनी तीच निरीक्षणे तपासली, तेव्हा अनेकांना ती आढळली नाही. शिवाय हा वायू एका धूमकेतूवरही सापडला आहे, आणि धूमकेतूवर काही मासे पोहत नाहीत.

मग कल्पना करूच नये काय? अवश्य करावी. पण चिंचणीचा किनारा सुरूच्या झाडांसह उचलून तेथे नेऊन ठेवणे, ही कल्पनाशक्ती नव्हे, आळस आहे. खरी कल्पना ज्ञात गोष्टींचा हात धरून चालते, आणि म्हणूनच ती अधिक विलक्षण ठिकाणी पोहोचते. सूर्याच्या इतक्या निकट असलेल्या ग्रहाची एकच बाजू बहुधा सदैव सूर्याकडे राहते. तसे असल्यास अर्ध्या ग्रहावर न मावळणारा दिवस, अर्ध्यावर न उजाडणारी रात्र. येथे चंद्राच्या ओढीने पाणी दिवसातून दोनदा चढते व उतरते. तिथी पाहून उधाण कधी, भांग कधी, हे कोळी सांगतो. तेथे सूर्याच्या ओढीने आलेला फुगवटा जागच्या जागी खिळून राहील. भरती नाही, ओहोटी नाही. तिथी तरी कशावरून मोजावी?

समुद्र असलाच, तर तो हायड्रोजनच्या दाट थराखाली साऱ्या ग्रहाला वेढून असेल. त्याला ना वाळू, ना खाडी, ना होडी ओढून ठेवावी असे बंदर. आणि नसेल, तर खाली उतरत जाणाऱ्यास पाणीही लागणार नाही. वायूच अधिकाधिक दाट व तप्त होत जाईल.