हसू कोणाचे अन् हसे कोणाचे?



शिमग्याच्या दिवसांत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीवर रात्री मृदंग वाजू लागला की समजावे, नमनखेळे आले. काळ्या वेषातला, उंच टोपीचा संकासूर येतो. पुरुषच गौळणींची सोंगे घेऊन येतात आणि हशाला सुरुवात होते. या हशाचे संवाद कोणी लिहून दिलेले नसतात. पुढच्या रांगेत पोलीस पाटील असले तर कोटी पाटलांवर होते. मुंबईचा चाकरमानी नवी पँट घालून बसला असेल तर त्याच्यावर होते. १९८१ सालापर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या सिंधुदुर्गात तर दशावतारी मंडळी लिहिलेल्या संवादांविना रात्रभर नाटक उभे करतात. तमाशातला सोंगाड्याही हेच करीत आला. दादा कोंडके ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये प्रयोगागणिक नव्या कोट्या करीत आणि कालचा प्रयोग पाहिलेला माणूस आज पुन्हा तिकीट काढी.

आयत्या वेळी सुचलेले बोलून लोकांना हसवणे ही कला अशी आपल्या मातीतलीच आहे. म्हणून गेल्या वर्षी ती थेट लंडनमध्ये भेटली तेव्हा आम्हाला मोठी गंमत वाटली. मात्र त्या रात्री आम्ही नुसतेच हसलो नाही. घशात आवंढाही आला. तो का आला, हे सांगण्यासाठी आजचा लेख.

आमची पुतणी लंडनच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिने आम्हा उभयतांना चार दिवस बोलावून घेतले. पहिल्या दिवशी आम्ही गेलो ते १०, किंग हेन्रीज रोड या घरी. १९२१-२२ साली विद्यार्थी असताना बाबासाहेब येथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते घर विकत घेऊन तेथे स्मारक केले. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे हे घराणे, आणि त्या घराण्याचा मुलगा इतक्या लांब येऊन, अर्धपोटी राहून शिकला! दारात उभे राहून आम्ही हात जोडले. सौ.ला तर पाय उचलवेना.

त्याच संध्याकाळी पुतणी म्हणाली, “काका, आता जरा हसायला चला.” एका पबच्या माडीवर छोटे नाट्यगृह होते. खाली लोक पेले घेऊन उभे. पंचशील पाळणारी आम्ही माणसे जिन्याशीच घुटमळलो. शेवटी संत्र्याचा रस हातात घेऊन वर गेलो. साठ-सत्तर खुर्च्या, पडदा नाही, देखावा नाही, दोन रिकाम्या खुर्च्या तेवढ्या मध्ये. तीन पुरुष आणि दोन तरुणी आल्या आणि म्हणाल्या, “आमच्याकडे नाटक नाही. तुम्ही शब्द द्या, आम्ही नाटक करतो.” कोणी ओरडले, “केळे!” लगेच एक जण दुकानदार झाला, दुसरी गिऱ्हाईक झाली आणि पाच मिनिटे लोक पोट धरून हसले.

पुतणी कानात एकेक गोष्ट समजावून सांगत होती. या खेळाचा पहिला नियम असा की साथीदाराने दिलेला शब्द नाकारायचा नाही. तो म्हणाला, “आई, भाकर करपली”, की तुम्ही आई झालातच. “मी आई नाही” म्हटले की खेळ तेथेच मेला. शब्द स्वीकारायचा आणि त्यात आपली भर घालायची. एकमेकांवर भरवसा असल्याशिवाय हे जमत नाही.

दुसरा खेळ होता पायरीचा. दोघे जण येतात. एक छाती काढून, नजर न हलवता, सावकाश बोलतो. दुसरा खांदे पाडून, चेहऱ्याला हात लावीत, अर्धवट वाक्ये बोलतो. मालक कोण अन् नोकर कोण, हे एक शब्द न सांगता कळते. मग हळूहळू नोकराची मान वर येते, मालकाची खाली जाते आणि पायऱ्या उलटतात. लोक हसत होते. आम्ही मात्र गप्प झालो. “पायरी ओळखून राहा” हे वाक्य आपल्या वाडवडिलांनी किती वेळा ऐकले असेल! ज्या गोष्टीचा तेथे खेळ चालला होता, ती आपल्या आजोबांची रोजची हजेरी होती. कोठे उभे राहायचे, कोठे बघायचे, जोहार कसा घालायचा, सावली कोठे पडू द्यायची नाही, हे त्यांना लहानपणीच शिकवले जाई.

मग सूत्रधाराने प्रेक्षकांना विचारले, “तुमच्या आजोबांचे असे काम सांगा, जे आज कोणी करीत नाही.” एक म्हणाला, “घरोघर बर्फ पोचवणे.” दुसरे कोणी बोलेना. सौ.ने आम्हाला कोपराने ढोसले, “सांगा ना!” पुतणीने मान खाली घातली. आम्ही मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणालो, “माझे आजोबा गावचा निरोप्या होते. खोताचे निरोप नेत. दाराबाहेर उभे राहत.” खोत म्हणजे जमीनदार, हे पुतणीने सांगितले. त्या पाचांतली एक कृष्णवर्णीय तरुणी पुढे आली आणि तिने विचारले, “दाराबाहेर का?” क्षणभर कोणाचाच आवाज नाही. मग पुतणीच म्हणाली, “त्यांना आत येऊ देत नसत. त्यांनी हात लावलेले विटाळते म्हणत.”

वाचकहो, खरे सांगतो, त्या वेळी आम्हाला घाम फुटला. थोड्या वेळापूर्वीच त्यांतल्या एकाने आशियाई दुकानदाराच्या बोलण्याच्या हेलाची नक्कल केली होती आणि अर्धे प्रेक्षागृह हसले होते. आता आजोबांचेही तसेच हसे होणार! ज्यांनी आयुष्यभर मान खाली घातली, त्यांना आम्ही आपल्या हाताने साता समुद्रापार नेऊन पुन्हा लोकांपुढे उभे केले काय?

ती तरुणी आमचे आजोबा झाली. उंच गोरा नट खोत झाला. आजोबा पत्र घेऊन आले. खोत ओरडला, “दहा पावलांवर थांब!” पत्र तर हवे, पण घ्यायचे कसे? तो म्हणाला, “फेक!” तिने फेकले. तिसरा नट वारा झाला आणि त्याने पत्र उडवून ओटीवर नेले. “उचलून दे!” “मालक, ओटीवर यायची मला बंदी आहे.” वाऱ्याने पत्र अंगणात आणले. “आता दे!” “मालक, तुम्ही तेथे उभे आहात, माझी सावली पडेल.” शेवटी खोत स्वतःच पत्रामागे धावत सुटला. वारा पुढे, खोत मागे, आणि चिखलात घसरून आडवा! आजोबा शांतपणे जवळ गेले, हात पुढे केला आणि म्हणाले, “मालक, हात देऊ का?”

सारे चिडीचूप. खोत हाताकडे बघतो, चिखलाकडे बघतो, पुन्हा हाताकडे बघतो. मग दबक्या आवाजात विचारतो, “कोणी बघत नाही ना?” तोच सगळे प्रेक्षागृह एका सुरात ओरडले, “आम्ही बघतोय!” दिवे गेले. टाळ्या थांबेनात. सौ. पदराने डोळे पुसत होती आणि हसतही होती.

बसमध्ये परतताना पुतणी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “काका, पणजोबांचे काम मी येथे आजवर कोणाला सांगितले नव्हते. कोणी विचारले की शेतकरी होते म्हणते.” आम्ही म्हणालो, “बाळ, लाज ज्याने दाराबाहेर ठेवले त्याची. जो उभा राहिला त्याची नव्हे.” एवढेच बोलणे झाले.

या कलेची थोडी माहिती आपल्या वाचकांना असावी. पायरीचा हा खेळ नीट मांडला तो कीथ जॉनस्टन या इंग्रज नाट्यशिक्षकाने. १९७९ साली निघालेल्या ‘इम्प्रो’ या पुस्तकात त्याने पायरीवर एक मोठे प्रकरण लिहिले. त्याचे म्हणणे असे की पायरी ही माणसाला चिकटलेली वस्तू नव्हे, ती माणसे एकमेकांशी वागून उभी करतात आणि म्हणून ती बदलताही येते. पुढे तो कॅनडात गेला आणि २०२३ साली वारला. तो लंडनमध्ये हे प्रयोग करीत होता तेव्हा इंग्लंडात १७३७ सालापासूनचा नाट्यपरीक्षणाचा कायदा होता. नाटकाचा शब्द न् शब्द आधी लॉर्ड चेंबर्लेन या दरबारी अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यावा लागे. आयत्या वेळी सुचलेला शब्द मंजूर करून घेणार कसा? १९६८ साली तो कायदा गेला. सत्तेला लिहिलेल्या शब्दापेक्षा आयत्या वेळी तोंडातून निघणाऱ्या शब्दाची धास्ती जास्त, ती अशी!

अमेरिकेतली कथा निराळी. शिकागोच्या हल हाउस या सेवाभावी संस्थेत नेवा बॉइड नावाच्या बाई गोरगरीब वस्तीतल्या मुलांना खेळांतून घडवीत. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या व्हायोला स्पोलिन यांनी परदेशांतून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी नाटकाचे खेळ रचले. त्या मुलांची भाषा वेगळी, घरी गरिबी. खेळता खेळता ती बोलू लागली. स्पोलिनबाईंचा मुलगा १९५९ साली शिकागोत निघालेल्या ‘सेकंड सिटी’ या हास्यनाट्यसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक. आज जगभर तिकिटे लावून चालणाऱ्या या कलेचे एक मूळ असे कामकऱ्यांच्या वस्तीत आहे.

आपल्याकडे काय झाले? तमाशा जगवला तो बहुतांशी अस्पृश्य कलावंतांनी. सोंगाड्या बोर्डावर राजाची, सावकाराची खिल्ली उडवी, पाटील त्याला दाद देई, आणि खेळ संपला की तोच सोंगाड्या पुन्हा गावकुसाबाहेर! रात्रीपुरती पायरी उलटायची, सकाळी जशीच्या तशी. सत्यशोधकांच्या जलशांनी आणि पुढे आंबेडकरी जलशांनी हे ओळखले. नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे शाहीर गावोगाव फिरले. त्यांनी तमाशाचा बाज घेतला, पण देवाच्या गणाची आणि शृंगारिक गौळणीची जागा समतेच्या विचाराला दिली. सवाल-जवाबांतून भोंदूगिरीचे, दारूचे, शिवाशिवीचे हसे केले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आयाबायांना बाबासाहेबांचा विचार हसता हसता समजला. हसलेले लोक सकाळी जुन्या पायरीवर परतले नाहीत, हा फरक. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते याच काळात.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर कोकणातल्या आपल्या लोकांनी गावकीची कामे आणि ढोल वाजवणे सोडले, ते योग्यच केले. पण त्याबरोबर हसण्या-हसवण्याची कलाही अंगणातून गेली काय, असा प्रश्न लंडनहून आल्यापासून आम्हाला पडला आहे. आज जयंतीला डी.जे. मोठा लागतो, भाषणे लांब होतात, आणि मुले व स्त्रिया ऐकत बसतात. त्यांना बोलायला कधी लावणार?

म्हणून आमची एक साधी विनंती आहे. वर्षावासात आपल्या विहारांतून प्रवचने होतात. ती संपल्यावर रविवारी पंधरा मिनिटे मुलांना द्या. दोन खुर्च्या मांडा, याला खर्च काही नाही. नियम तीनच. पहिला, साथीदाराचा शब्द नाकारायचा नाही, त्यात भर घालायची. दुसरा, पायऱ्या उलटायच्या. नवऱ्याने बायको व्हावे, सासूने सून व्हावे, साहेबाने शिपाई व्हावे. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. हसे करायचे ते अन्यायाचे आणि फुकटच्या मोठेपणाचे. कोणाच्या रंगाचे, व्यंगाचे, बोलीचे, अडाणीपणाचे हसे करायचे नाही. तथागतांनी सम्यक वाचा सांगितली आहे. ती हसण्याच्या आड येत नाही, हसताना कोणाच्या काळजाला टोचू नये, एवढेच ती सांगते.

आणि मुलांना पहिला विषय द्या, ‘माझ्या आजोबा-आजीचे काम’. कोणी गिरणीत होते, कोणी गोदीत, कोणी पलटणीत, कोणी खोताच्या दारी. मुलांनी घरी विचारावे आणि थोरांनी न लाजता सांगावे. आम्ही या वर्षी आमच्या वाडीत करून पाहिले. सातवीतला एक मुलगा आजोबा झाला, दुसरा खोत झाला. लंडनची गोष्ट आम्ही त्यांना सांगितली नव्हती. आमच्या वाडीतल्या आजोबांनी खोताला काय उत्तर दिले, ते येथे सांगत नाही. तुमच्या विहारात करून बघा, तुमची मुले त्याहून चांगले देतील.

जयभीम! नमो बुद्धाय!