उपवास कुणासाठी?

ईस्टरआधीच्या 40 दिवसांना इथे लेंट म्हणतात, उपवासाचा काळ. यंदा लेंटमध्ये आमच्या भागातल्या चर्चच्या फूडबँकेत दोन शनिवार मी पाकिटे भरली. रांगेत एक मराठी विद्यार्थी होता. मला पाहून त्याने मान खाली घातली.

ट्रसेल ट्रस्टची पहिली फूडबँक 2000 साली सॉल्झबरीत निघाली. 2023-24 मध्ये या संस्थेच्या फूडबँकांनी 31 लाखांहून अधिक पाकिटे वाटली! पण नुसते वाटून थांबायचे का? 2014 च्या लेंटआधी 27 अँग्लिकन बिशपांनी ‘डेली मिरर’मध्ये पत्र लिहून सरकारी मदतीतल्या कपातीवर बोट ठेवले. मग मॅन्सफिल्डचे पाद्री कीथ हेब्डन यांनी 40 दिवस उपवास केला. (दलित धर्मशास्त्रावर पुस्तक लिहिणारे हेच.) आपला उपवास मात्र साबुदाण्याच्या खिचडीपाशी संपतो.

विद्यार्थी व्हिसावर ‘सरकारी मदत नाही’ अशी अटच असते. आपल्या मंडळांनी गणपतीत महाप्रसाद जरूर करावा, पण या अटीविरुद्ध एक पत्र लिहायला काय हरकत आहे? ‘राजकारण नको’ म्हणणाऱ्यांनी त्या रांगेत एकदा उभे राहावे. मी माझ्या खासदाराला लिहिले आहे. उत्तर यायचे आहे.