औषध लिहिण्याचा अधिकार कोणाचा?

लकडगंजातील एखाद्याचे लेकरू रात्री अत्यवस्थ झाले, म्हणजे तो मेयोकडे नाही तर मेडिकलकडे धाव घेतो. तेथे त्या बालकाच्या उशाशी रात्रभर जागते ती परिचारिका. औषध बदलण्याचा अधिकार मात्र डॉक्टरांचा. ब्रिटनने २००६ साली विशेष प्रशिक्षित परिचारिकांना जवळजवळ सर्व औषधे स्वतःच्या स्वाक्षरीने लिहून देण्याची मुभा दिली. आपल्याकडे हा विषय निघताच ‘रुग्णाच्या जिवाशी खेळ’ अशी ओरड होते.

ही ओरड करणाऱ्यांनी फार दूर जाण्याचे कारण नाही. गडचिरोली जिल्ह्यातील ३९ खेड्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रियांना नवजात अर्भकातील जंतुदोष ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्यास शिकविले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. लक्षणांची ठरलेली यादी, ठरलेली मात्रा आणि नियमित देखरेख, एवढ्यावर हे साधले. पुढे २०१४ साली केंद्र सरकारनेही सहायक परिचारिका-प्रसाविकांना विशिष्ट परिस्थितीत हेच औषध देण्याची परवानगी दिली.

अर्थात खेड्यातील एक औषध निराळे आणि अतिदक्षता विभागातील अनेक औषधांचा मेळ निराळा. बालकाची मात्रा वजनावर ठरते; दशांशचिन्ह एक घर सरकले की ती दसपट होते. जेंटामायसिनच अधिक झाले तर मूत्रपिंड व श्रवणशक्ती धोक्यात येते. तेव्हा अधिकार सरसकट नको. औषधांची लेखी यादी हवी, आणि प्रत्येक मात्रेची दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळणीही.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला शंका येते ती वेगळीच. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या ३२ व्या कलमाने डॉक्टरेतरांना मर्यादित परवान्याची वाट खुली केली, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. त्या गदारोळात वेतनाचा प्रश्न मागेच राहिला. डॉक्टर महाग म्हणून परिचारिका, असा हिशेब सरकार मांडणार असेल, तर तो फसवा आहे. कंत्राटावर राबणाऱ्या परिचारिकेच्या हाती लेखणी द्यावयाची, तर कायम पद, वाढीव वेतनश्रेणी आणि कायदेशीर संरक्षण यांची तरतूद त्याच आदेशात असली पाहिजे.