होळीची गाठी

फाल्गुनाचा शुद्धपक्ष अर्धा सरला कीं गांधीबागेंतून इतवारीकडे जातांना साखरेच्या गाठ्या दिसूं लागतात. कापडाच्या ठोक बाजारांतील गर्दी, हातगाड्यांची रेटारेटी, डोक्यावर तापूं लागलेलें ऊन, आणि त्यांतच दोरीवर लोंबणाऱ्या त्या पांढऱ्याशुभ्र माळा! पुण्याकडील आमच्या एका पाहुण्यांनीं त्या पाहून, "पाडव्यास अजून तीन आठवडे आहेत, इतकी घाई कां?" असें विचारलें. प्रश्न गैर नव्हता. तिकडे गाठी गुढीची. आमच्या वऱ्हाड-नागपुराकडे ती आधीं होळीची, मग पाडव्याची. रंगाचेंही तसेंच. तिकडे तो पंचमीस, इकडे धुळवडीच्याच दिवशीं.

साखरेच्या पाकांत थोडें दूध घालून मळी काढतात, लाकडी साच्यांत दोरा अंथरून वरून पाक ओततात. निवला कीं माळ तयार. हिची एक थोरली बहीण आहे, ती मात्र शेणाची. होळीच्या आधीं आठवडाभर मुलें चाकोल्या थापतात, मधोमध बोटानें भोंक पाडून त्या उन्हांत वाळवितात आणि सुतळींत ओवतात. ही माळ होळीला, साखरेची मुलांच्या गळ्यांत. (शहरांत शेण मिळणें कठीण झालें, म्हणून चाकोल्याही आतां विकत घ्याव्या लागतात, हें ऐकून आमच्या आजीनें काय म्हटलें असतें तें न लिहिणेंच बरें.)

दोन्ही माळांचा मुलांशींच संबंध कां, हें पाहूं जातां एक कथा आठवते. प्रह्लादाची व मदनदहनाची कथा वाचकांस ठाऊकच आहे. भविष्योत्तर पुराणांतील ढुंढेची कथा, जी तेराव्या शतकांत हेमाद्रीनें आपल्या ग्रंथांत घेतली, ती तितकी परिचित नाहीं. रघुराजाच्या राज्यांत ही राक्षसी लेंकरांस पीडा देई. शंकराच्या वरामुळें तिला देवांचें, मनुष्यांचें, शस्त्रांचें, थंडीवाऱ्याचें, कशाचेंच भय नव्हतें. भय होतें तें केवळ खेळत हुंदडणाऱ्या पोरांचें. म्हणून पुरोहितानें सांगितलें कीं, फाल्गुनी पौर्णिमेस पोरांनीं लांकडें जमवून अग्नि पेटवावा, टाळ्या पिटाव्या, हसावें, मनास येईल तें बोलावें. त्या कोलाहलानेंच ढुंढा नाश पावली. शिमग्यांतील अभद्र भाषेचे आम्ही चाहते नाहीं. परंतु मुलांची बोंब बंद करूं पाहणाऱ्या सुधारकांनीं ही कथा एकदां वाचावी. या सणांत रक्षणकर्तींही तींच.

हें सारें आम्हांस पुस्तकांतून ठाऊक होतें. त्याचा अर्थ कळला तो घरीं. कांहीं वर्षांपूर्वीं होळीच्या संध्याकाळीं ओसरीवर मुलें रांगेनें उभीं होतीं. मुलें ९, आणलेल्या गाठ्याही मोजून ९. भांडीं घासणाऱ्या बाईंची पांच वर्षांची पोर मुकाट्यानें रांगेच्या शेवटीं येऊन उभी राहिली. "तुझी नाहीं गं," असें कोणीतरी म्हणालें. तें कोणीतरी म्हणजे आम्हीच. पोर रडली नाहीं. फ्रॉकला हात पुसून बाजूला झाली.

काकू पुरणाच्या हातानेंच बाहेर आल्या. "अरे, ढुंढेला पळवायला पोर लागतं. कुणाचं, तें तुझ्या पुराणांत लिहिलं आहे का?" इतकें बोलून त्यांनीं आपल्या सख्ख्या नातवाच्या गळ्यांतील गाठी काढली व त्या मुलीच्या गळ्यांत घातली. नातवानें त्यावर जी बोंब ठोकली, ती ऐकून ढुंढा नागपुरांत राहिली असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

त्याची समजूत घालण्यासाठीं रात्रीं आम्हांस पुन्हां गांधीबाग गांठावी लागली. बहुतेक दुकानें आवरलीं होतीं. एका गाडीवाल्याकडे शेवटची गाठी उरली होती. दिवसभराच्या उकाड्यानें चिकट झालेली, दोन पदकें तुटलेली. ती आम्हीं घेतली. पुढील वर्षापासून गाठ्या आणण्याचें काम काकूंनीं आमच्याकडून काढून घेतलें, आणि त्या कधीं मोजून आणीत नाहींत.