पेंटॅक्सवाल्यांनो, लग्नाचा बाजार सोडून द्या

प्रति,
रिको इमेजिंग कंपनी, टोकियो



जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यातून हे पत्र लिहितो आहे. पेंटॅक्स कॅमेरे २०११ साली तुमच्याकडे आले. त्याच्या आदल्या वर्षी जपानी कंपन्यांनी जगभर बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठवले होते. २०२३ मध्ये तो आकडा ऐंशी लाखांच्या आत आला. बाकीचा धंदा मोबाइलने खाल्ला, आणि उरलेल्यातला मोठा वाटा कॅनन, सोनी व निकॉनकडे जातो. कोनिका मिनोल्टा २००६ मध्येच बाहेर पडली. ऑलिंपसने २०२१ च्या आरंभी कॅमेऱ्याचा धंदा विकून टाकला. तुमच्यावर ती पाळी येऊ नये, म्हणून हा आगाऊ सल्ला.

आमच्याकडे फोटोग्राफीचा धंदा म्हणजे लग्नसराई. एका लग्नाला दोन-तीन जण लागतात. एकाची लेन्स दुसऱ्याच्या कॅमेऱ्याला बसावी लागते, ऐनवेळी फ्लॅश मित्राकडून आणावा लागतो, महागडी लेन्स भाड्याने मिळावी लागते. त्यामुळे धंद्यात नवा आलेला मुलगा आधी बाकीच्यांकडे काय आहे ते बघतो आणि तेच घेतो. या साखळीत तुमचा कॅमेरा कितीही चांगला असला तरी एकटा पडतो. फोकस आणखी वेगवान केल्याने ती तुटणार नाही.

मग तुमचे गिऱ्हाईक कोण? आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात रथ निघतो. पावसाची सर आली की भोवतीचे कॅमेरे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत शिरतात. पाणी-धूळ रोखणारी बांधणी ही तर पेंटॅक्सची जुनी ओळख, आणि ती तुम्ही परवडणाऱ्या मॉडेलांतही दिलीत. १९७५ चा के-माउंट जपलात, म्हणून तेव्हाची लेन्स आजच्या बॉडीवर बसते आणि हात हलल्याचा दोष सावरणारी यंत्रणा तिच्याही कामी येते. २०२३ मध्ये फक्त कृष्णधवल फोटो काढणारा के-३ मार्क ३ मोनोक्रोम आणलात, २०२४ मध्ये चक्क फिल्मवर चालणारा पेंटॅक्स १७. हे लाखोंनी खपणार नाहीत, पण ज्याला हवेत त्याला दुसरीकडे सहज मिळणारही नाहीत.

आमच्या चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस घराबाहेर क्वचितच पडले. टेबलावर मांडलेल्या वस्तूंतून त्यांनी चित्रे उभी केली. सेकंदाला वीस फ्रेमची त्यांना काय गरज? असे सावकाश काम करणारे लोक आजही आहेत. ते तुमचे.

त्यांना धरून ठेवायचे तर मात्र दुरुस्तीकडे बघा. छोट्या गावातला माणूस कॅमेरा घेताना आधी विचारतो, बिघडला तर कुठे न्यायचा? जळगावात ठिबक सिंचन रुजले ते नुसत्या नळ्या विकून नव्हे. शेताचा आराखडा, बसवणी आणि सल्ला सोबत आला. तुम्हीही सुटे भाग आणि दुरुस्तीची पुस्तिका तालुक्याच्या मेकॅनिकपर्यंत पोचू द्या. कोणते मॉडेल किती वर्षे दुरुस्त करून मिळेल, ते खोक्यावर छापा. मोठ्या कंपनीचे गणित नव्या मॉडेलच्या खपावर चालते. तुमचे चालेल ते जुन्या गिऱ्हाइकाने घेतलेल्या पुढच्या लेन्सवर, आणि कॅमेरा चालू असेल तरच तो ती घेईल.

नवे मॉडेल दोन वर्षे उशिरा आले तरी आम्ही थांबू. आधी दुरुस्तीचे हे वचन लेखी द्या.

आपला,
पिंप्राळ्याचा एक फोटोग्राफर